हिऱ्याची क्लॅरिटी: सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

लग्नसराई जवळ आली की माझ्या फोनवर सर्टिफिकेटांचे फोटो येऊ लागतात. खाली एकच ओळ: "घेऊ का?" हिरे तपासणं हे माझं रोजचं काम, पण फोटो बघून असं हो-नाही सांगता येत नाही. त्या फोटोंसोबत येणारे प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात सांगून झालेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही.

१. क्लॅरिटी म्हणजे हिऱ्याची चमक का?

नाही. चमक मुख्यतः कटवर, म्हणजे पैलू कोणत्या कोनात पाडलेत त्यावर ठरते. पांढरेपणा हा रंगाचा भाग, त्याची डीपासून झेडपर्यंत वेगळी मोजणी आहे. हिऱ्याच्या आत काय अडकलंय आणि पृष्ठभागावर कोणत्या खुणा आहेत, एवढाच हिशेब क्लॅरिटीत येतो. आपण 'पाणीदार हिरा' म्हणतो तेव्हा हे तिन्ही एकाच शब्दात कोंबतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. वाईट कापलेला व्हीव्हीएस१, म्हणजे वरच्या श्रेणीचा, हिरा काचेच्या तुकड्यासारखा निपचित पडून राहतो आणि शेजारचा नीट कापलेला, खालच्या श्रेणीचा एसआय१ भाव खाऊन जातो, हे काउंटरवर अनेकदा बघितलं आहे.

डाग बघायची रीत काही नवी नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात हिऱ्याचे दोष सांगताना काकपद, माशी, केस अशा आकृती नोंदवल्या आहेत. आजच्या सर्टिफिकेटवर 'फेदर', म्हणजे पीस, लिहिलेलं असतं. कावळ्याच्या पायापासून पिसापर्यंत आलो, पण पक्षी काही सुटला नाही.

२. व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय ही अक्षरं कसली? एकूण श्रेण्या किती?

अमेरिकेतल्या जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) या संस्थेची स्थापना १९३१ सालची. आज जगभर वापरात असलेली ही पट्टी तिथेच १९५३ च्या सुमारास संस्थेचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड लिडिकोट यांच्या पुढाकाराने आकाराला आली. त्यात ११ पायऱ्या आहेत.

सगळ्यात वर एफएल (फ्लॉलेस), म्हणजे आतबाहेर कुठेच काही नाही. मग आयएफ (इंटर्नली फ्लॉलेस), म्हणजे आतून स्वच्छ. त्यानंतर व्हीव्हीएस१ आणि व्हीव्हीएस२ (व्हेरी व्हेरी स्लाइटली इन्क्लूडेड), इथे डाग इतके बारीक की सराईत माणसालाही भिंगातून शोधावे लागतात. व्हीएस१ आणि व्हीएस२ (व्हेरी स्लाइटली इन्क्लूडेड) मध्ये भिंगातून थोड्या प्रयत्नाने दिसतात. एसआय१ आणि एसआय२ (स्लाइटली इन्क्लूडेड) मध्ये भिंग लावलं की दिसतातच. आय१, आय२, आय३ (इन्क्लूडेड) मध्ये डाग ठळक असतात, बहुधा नुसत्या डोळ्यांनाही दिसतात आणि कधी हिऱ्याच्या मजबुतीवरही परिणाम करतात. आकडा जितका मोठा तितकी श्रेणी खालची. हे मुद्दाम सांगतो, कारण 'टू' म्हणजे 'वन'पेक्षा भारी असं समजून घेऊन गेलेले लोक मी पाहिले आहेत.

३. तपासतं कोण आणि कसं?

माणूसच तपासतो. हिरा आधी स्वच्छ केला जातो, मग दुर्बिणीसारख्या दोन नळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली, काळ्या पार्श्वभूमीवर, कडेने प्रकाश टाकून १० पट मोठा करून बघतात. खालून, वरून, बाजूने, प्रत्येक पैलूतून. शेवटी १० पटीच्या हातभिंगातून खात्री करतात. हे भिंगही साधं नसतं. तीन काचा एकत्र चिकटवून ते बनवतात, म्हणजे कडेला रंगीत झालर दिसत नाही आणि प्रतिमा वाकडी होत नाही. आमच्या बाजारात त्याला लूप म्हणतात, सुरतेकडचे लोक आयग्लास म्हणतात. मोठ्या प्रयोगशाळांमध्ये एकच हिरा एकाहून जास्त तज्ज्ञ स्वतंत्रपणे बघतात.

१० पट हा यातला खरा नियम. ४० पट मोठं केल्यावर एखादा ठिपका दिसला आणि १० पटीत तो दिसत नसेल, तर श्रेणीसाठी तो नाहीच. काही जण सूक्ष्मदर्शकाचं बटण फिरवत नेऊन "बघा, तुमच्या व्हीव्हीएसमध्ये डाग!" असं दाखवतात. तो डाग खरा असेलही, पण त्याने श्रेणी खोटी ठरत नाही.

४. आत असतं तरी काय? कचरा जातो का?

कचरा नव्हे. नैसर्गिक हिरा जमिनीखाली साधारण दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार होतो. वाढताना शेजारचं दुसरं खनिज आत अडकलं तर तो क्रिस्टल. तो रंगहीन असेल, लाल गार्नेट असेल किंवा स्वतः एक चिमुकला हिराच असेल. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका म्हणजे पिनपॉइंट, असे खूप ठिपके एकत्र आले की क्लाउड. लांब बारीक असेल तर नीडल. तडा गेलेला असेल तर फेदर, कारण कडेने प्रकाश पडला की तो पांढऱ्या पिसासारखा दिसतो. वाढीची दिशा मधेच बदलली तर आत धूसर पट्टे राहतात, त्यांना ट्विनिंग विस्प म्हणतात. पृष्ठभागापर्यंत आलेला क्रिस्टल म्हणजे नॉट (गाठ) आणि पॉलिश करताना तोच निखळून पडला तर राहिलेला खड्डा कॅव्हिटी.

बाहेरच्या खुणा वेगळ्या: ओरखडे, टवके, जादाचा पैलू आणि नॅचरल. कारागीर वजन वाचवायला गर्डलपाशी, म्हणजे हिऱ्याच्या कमरेच्या काठावर, कच्च्या हिऱ्याची मूळ साल थोडी तशीच ठेवतो, तिला नॅचरल म्हणतात. नाव ऐकून गैरसमज नको, हा 'नैसर्गिक हिरा' असल्याचा शिक्का नाही.

५. एका हिऱ्यात एकच डाग, दुसऱ्यात पाच-सहा, तरी दोन्ही व्हीएस२ कसे?

कारण डाग मोजून श्रेणी लागत नाही. पाच गोष्टी एकत्र तोलल्या जातात: डाग किती मोठा, किती, कुठे, कोणत्या जातीचा आणि आजूबाजूच्या हिऱ्यात किती उठून दिसणारा. बरोबर टेबलाखाली, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूच्या मधोमध बसलेला काळा क्रिस्टल एकटाच श्रेणी खाली ओढतो. काठाला असलेले पाच पांढरे ठिपके मिळूनही तेवढं बिघडवत नाहीत.

जागेची गंमत अशी की तळाच्या टोकाजवळ असलेला एकच डाग समोरच्या पैलूंमधून आरशासारखा पाच-सहा ठिकाणी दिसू शकतो. त्याला रिफ्लेक्टर म्हणतात. आहे एक, दिसतात सहा, आणि श्रेणी देताना ते धरलं जातं. ज्या डागामुळे श्रेणी ठरली तो कोणता, हे विचारायची सवय लावा. व्हीएस२ या अक्षरांपेक्षा ते उत्तर जास्त उपयोगी पडतं.

६. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नसेल तर वरच्या श्रेणीचे पैसे का मोजायचे?

मोजायलाच हवेत असं नाही. वरच्या श्रेणीत तुम्ही दुर्मिळतेचे पैसे देता. व्हीव्हीएस१ आणि व्हीएस१ शेजारी ठेवून, भिंगाशिवाय, कोणता कुठला हे सांगणं मलाही जमत नाही.

गोल ब्रिलियंट कटचा, एक कॅरेटच्या आसपासचा हिरा अंगठीसाठी हवा असेल तर व्हीएस२ बहुतेकांना पुरतो. एसआय१ मधलेही अनेक डोळ्यांना स्वच्छ असतात, पण तिथे हिरा हातात घेऊन बघावाच लागतो, कारण 'आय-क्लीन' ही दुकानदाराची बोली आहे, सर्टिफिकेटवरची श्रेणी नव्हे. किती अंतरावरून आणि कोणाच्या डोळ्यांनी क्लीन, हे कुणी ठरवून दिलेलं नाही.

अपवाद दोन. एमरल्ड आणि अॅशर कटमध्ये पैलू पायऱ्यांसारखे लांब असतात, टेबल मोकळं असतं, लपायला जागा नसते. तिथे एक पायरी वर जा. आणि हिरा जसा मोठा, तसा त्याच श्रेणीतला डागही डोळ्यांना सापडण्याची शक्यता जास्त. कानातल्या २० सेंटच्या (०.२० कॅरेटच्या) हिऱ्याला जे चालतं ते तीन कॅरेटला चालेलच असं नाही.

व्हीएस म्हणजे कमीपणा वाटत असेल तर एवढं सांगतो: आपल्याच गोवळकोंड्याच्या परिसरातून गेलेला, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात असलेला ४५.५२ कॅरेटचा निळा होप हिरा जीआयएच्या पट्टीवर व्हीएस१ आहे.

७. सर्टिफिकेटवरचा लाल-हिरवा नकाशा कसा वाचायचा? माझ्या सर्टिफिकेटवर तो नाहीच.

डावीकडे हिरा वरून, उजवीकडे खालून काढलेला असतो. आतले दोष लाल खुणांनी, बाहेरचे हिरव्याने, जादाचे पैलू काळ्याने. आतून निघून पृष्ठभाग फोडणारं काही असेल, उदाहरणार्थ कॅव्हिटी, तर लाल-हिरवं दोन्ही. खाली चिन्हांची यादी असते, आणि श्रेणी ठरवण्यात ज्याचा वाटा मोठा तो दोष साधारणपणे आधी लिहिलेला असतो. म्हणून यादीचा पहिला शब्द आधी वाचा.

नकाशात खूण किती मोठी आहे यावर जाऊ नका. ती जागा आणि जात दाखवते, डाग किती गडद हे नाही. एकच लाल गोल रंगहीन क्रिस्टलचा असू शकतो, काळ्याचाही.

नकाशा नाही म्हणून सर्टिफिकेट बनावट ठरत नाही. दोन कॅरेटच्या आतल्या हिऱ्यांसाठी जीआयएचा 'डॉसियर' नावाचा छोटा अहवाल असतो, त्यात नकाशा काढतच नाहीत. त्याऐवजी गर्डलवर लेझरने अहवाल क्रमांक कोरतात. तो क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून ताडून बघा.

८. खाली 'क्लाउड्स आर नॉट शोन' असं लिहिलंय. लपवाछपवी आहे का?

लपवाछपवी नाही, पण थांबून वाचायची ओळ आहे. 'अॅडिशनल क्लाउड्स आर नॉट शोन' म्हणजे श्रेणी दुसऱ्याच कशामुळे लागली आणि शिवाय किरकोळ ढग आहेत, नकाशात गर्दी नको म्हणून काढले नाहीत. व्हीएसमध्ये हे अगदी सामान्य.

'क्लॅरिटी ग्रेड इज बेस्ड ऑन क्लाउड्स दॅट आर नॉट शोन' हे वाक्य एसआय१ किंवा त्याखाली दिसलं तर सावध. इथे ढगच इतका पसरलेला आहे की नकाशात कुठे काढावा हा प्रश्न पडला. असा हिरा ठिपकेदार दिसत नाही, पण कधीकधी दुधी, पेंगुळलेला दिसतो. बाजारात त्याला मिल्की म्हणतात, आणि व्यापारी एकमेकांना माल सांगताना 'नो बीजीएम' म्हणतात ते ब्राउन, ग्रीन आणि मिल्की छटा नाही या अर्थाने. हा मिल्कीपणा सर्टिफिकेटवर वेगळा लिहिला जाईलच असं नाही. दुकानाच्या झगमगाटातून बाहेर, दिवसाउजेडी, एका स्वच्छ हिऱ्याशेजारी धरून बघा.

९. सासूबाईंसारख्या सात-सात हिऱ्यांच्या कुड्या करायच्यात. सराफ म्हणतात 'जीएच व्हीएस'. प्रत्येक हिऱ्याचं सर्टिफिकेट मिळेल का?

बहुधा नाही, आणि त्यात वावगंही नाही. कुड्यांतले हिरे काही सेंटचे असतात आणि एक सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग. एवढ्या बारीक मालाची प्रतवारी पुडीने होते. चाळणीतून आकार वेगळे करतात, मग नजरेने रंग आणि क्लॅरिटीचे गट पाडतात. 'जीएच व्हीएस' म्हणजे पुडीतले हिरे रंगाने जी ते एच आणि क्लॅरिटीने व्हीएसच्या घरात आहेत असं विक्रेत्याचं म्हणणं.

दागिना पूर्ण झाल्यावर प्रयोगशाळेतून त्याचा अहवाल करून घेता येतो. पण जडवलेला हिरा खालून आणि काठाने बघता येत नाही, म्हणून त्यावर 'व्हीएस-एसआय' अशी पट्ट्यातली श्रेणी मिळते. तीही सोन्याने झाकलं नाही तेवढ्यापुरतीच. ती सुट्या हिऱ्याच्या श्रेणीइतकी नेमकी समजू नका. मोठा एकटा खडा असेल तर जडवण्याआधी तपासून घ्या. कुड्यांसाठी मी एवढंच सांगेन: बिलावर एकूण कॅरेट, हिऱ्यांची संख्या, रंग आणि क्लॅरिटीचा गट लिहून घ्या, आणि चौदाही हिरे एकमेकांशी जुळतात का ते बघा. कुडीत एक खडा मळकट असला की बाकीचे तेरा त्याचीच जाहिरात करतात.

१०. दागिन्यावर हॉलमार्क आहे. मग क्लॅरिटीची खात्री झाली ना?

नाही. बीआयएस हॉलमार्क आणि सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतात. हिऱ्याची श्रेणी त्यातून कळत नाही.

११. एसआय३, पी१, एलसी असंही कुठेकुठे वाचलं. या श्रेण्या यादीत का नाहीत?

एलसी म्हणजे लूप क्लीन, आणि पी१ ते पी३ मधला पी 'पिके' या फ्रेंच शब्दातला. या युरोपीय पद्धतीच्या श्रेण्या आहेत. पी१ ढोबळमानाने आय१ च्या जवळ जाते. आपल्याकडचे जुने व्यापारी डागाळलेल्या मालाला अजूनही 'पिके'च म्हणतात.

एसआय३ चं प्रकरण निराळं. नव्वदच्या दशकात ईजीएल या प्रयोगशाळेने एसआय२ आणि आय१ च्या मधे ती आणली. जीआयए ती मानत नाही. तिथे असा हिरा एसआय२ तरी होतो, नाहीतर आय१, आणि माझ्या अनुभवात बहुधा दुसरंच. 'एसआय३' ऐकलं की मनातल्या मनात आय१ चा भाव धरा.

१२. दोन प्रयोगशाळांनी एकाच हिऱ्याला वेगळी श्रेणी दिली. कोण खोटं?

कदाचित कोणीच नाही. श्रेणी हा तज्ज्ञांचा निर्णय आहे, वजनकाट्यावरचा आकडा नव्हे. व्हीएस२ आणि एसआय१ च्या सीमेवरचा हिरा एका टेबलावर इकडे, दुसऱ्यावर तिकडे जाऊ शकतो. एका पायरीचा फरक मी मनावर घेत नाही. दोन पायऱ्यांचा असेल तर प्रयोगशाळेच्या काटेकोरपणात फरक आहे असं समजा आणि किंमत कडक प्रयोगशाळेच्या श्रेणीवर ठरवा. त्याचमुळे दोन दुकानांतल्या 'व्हीएस१ एफ'च्या (एफ हा रंग) किमती ताडताना सर्टिफिकेट कोणाचं हेही ताडायचं.

१३. एफएल आणि आयएफमध्ये फरक काय, आतून तर दोन्ही स्वच्छ?

फरक बाहेरचा. आयएफमध्ये पृष्ठभागावर बारीकसारीक खुणा चालतात. पुन्हा पॉलिश केलं तर काही आयएफ हिरे एफएल होऊ शकतात. उलट एफएल म्हणजे अगदी निष्कलंक असंही नाही: गर्डलपुरतं राहिलेलं नॅचरल किंवा समोरून न दिसणारा खालच्या बाजूचा जादा पैलू असला तरी एफएल मिळते. आणि एफएल हिरा अंगठीत घालून वर्षभर वापरला की तो एफएल राहिला असेल याची पैज मी लावणार नाही.

१४. डाग काढून क्लॅरिटी वाढवतात असं ऐकलं. ते कसं ओळखायचं?

दोन प्रकार आहेत. पहिला लेझर ड्रिलिंग. काळ्या क्रिस्टलपर्यंत केसाहून बारीक बोगदा पाडतात आणि आम्लाने काळेपणा घालवतात. हा बदल कायमचा असतो. जीआयए अशा हिऱ्याला श्रेणी देते, पण बोगद्याची नोंद करते.

दुसरा फ्रॅक्चर फिलिंग. पृष्ठभागापर्यंत आलेल्या तड्यात काचेसारखा पदार्थ भरतात, तडा दिसेनासा होतो. हिरा भिंगाखाली हलवला की तड्याच्या जागी नारिंगी, जांभळी, निळी अशी झाक चमकून जाते. हे भरण टिकाऊ नसतं. दुरुस्तीसाठी सोनाराने दागिन्यावर दिवा फुंकला की ते बिघडतं. म्हणून जीआयए अशा हिऱ्याला श्रेणीच देत नाही. फारच स्वस्तात मोठा 'व्हीएस' मिळत असेल तर आधी हे तपासा.

१५. लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्याची क्लॅरिटी वेगळी असते का?

पट्टी तीच, डाग वेगळे. एचपीएचटी, म्हणजे प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हिरा बनवायच्या, पद्धतीत वितळलेल्या धातूचे कण आत राहतात, ते प्रकाश परतवतात आणि भरपूर असले तर हिरा चुंबकाकडे ओढलाही जातो. सीव्हीडीमध्ये, म्हणजे वायूतून कार्बनचे थर चढवत हिरा वाढवतात त्या पद्धतीत, गडद कार्बनी ठिपके आणि वाढीच्या पट्ट्या दिसतात. नुसत्या भिंगाने मात्र लॅबचा की खाणीतला हे ठरवायला जाऊ नका, त्यासाठी यंत्रं लागतात.

हल्ली लॅबचा बहुतेक माल व्हीएस आणि त्यावरचाच येतो, त्यामुळे श्रेणीने फारसं काही वेगळं कळेनासं झालं. जीआयएने ऑक्टोबर २०२५ पासून अशा हिऱ्यांना व्हीव्हीएस-व्हीएस लिहिणं बंद करून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' अशा दोनच पातळ्या ठेवल्या. आयजीआय ही दुसरी प्रयोगशाळा अजून जुन्याच श्रेण्या देते. दोन सर्टिफिकेटं वेगळ्या भाषेत बोलताना दिसली तर कारण हे आहे.

१६. एकदा मिळालेली श्रेणी पुढे बदलते का? फेदर असलेला हिरा फुटेल का?

आतला डाग वाढत नाही. पण हिरा कशावर आपटून टवका उडाला तर श्रेणी खाली येते. खरा हिरा ऐरणीवर घणाखाली टिकतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. कृपा करून करून बघू नका. हिरा कठीण आहे, म्हणजे त्यावर सहजासहजी ओरखडा उठत नाही, पण ठरावीक चार दिशांनी तो सरळ दुभंगतो.

आत असलेला छोटा फेदर पिढ्यान् पिढ्या काही करत नाही. गर्डलला किंवा मार्कीज, पेअर अशा आकारांच्या टोकाला पृष्ठभागापर्यंत आलेला फेदर मात्र जडवताना दाब पडला की दगा देऊ शकतो. सोनाराला नकाशा दाखवा. अनुभवी कारागीर ती जागा प्रॉन्गच्या, म्हणजे हिरा पकडणाऱ्या नखीच्या, थेट दाबाखाली येऊ देत नाही.

१७. पुन्हा पैलू पाडून श्रेणी सुधारता येईल?

डाग काठाला असेल तर येते, वजन देऊन. आपला नासक हिरा आठवा. त्र्यंबकेश्वराच्या देवळाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे आणि जो १८१८ मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हाती गेला, तो १९४० साली न्यूयॉर्कमध्ये पुन्हा कापला तेव्हा ८० हून जास्त कॅरेटचा ४३.३८ कॅरेट राहिला. तुमच्या हिऱ्यात इतकं जाणार नाही, पण १.०२ चा ०.९६ झाला तर एक कॅरेटचा टप्पा हुकतो आणि त्या टप्प्यालाच भाव असतो. आधी हिशेब, मग घिसाई.

१८. काळा ठिपका असलेला हिरा लाभत नाही म्हणतात. घ्यावा का?

लाभण्या-न लाभण्याचं मला भिंगातून दिसत नाही. काळा ठिपका डोळ्यांना दिसत असेल तर तो घरात रोज कुणीतरी दाखवणार आणि मन खात राहणार, एवढं नक्की. त्या कारणाने नाही घेतला तरी माझी हरकत नाही. पण भिंगाशिवाय दिसत नसलेल्या ठिपक्यासाठी चांगला कापलेला हिरा सोडू नका.

१९. भिंग आणलं, पण धूसर दिसतं. कसं बघायचं?

भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा, हिरा चिमट्यात धरून भिंगापासून बोटाच्या एका पेराएवढ्या अंतरावर आणा, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवा. प्रकाश बाजूने हवा. आधी हिरा कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने धुवा, कारण हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो. एका बाईंनी घाबरून आणलेला 'डाग' माझ्याकडे पुसल्याबरोबर निघून गेला होता, उटण्याचा होता. पुसून हलला तर धूळ, न हलला तर डाग.

२०. अंगठी दुरुस्तीला दिली होती. तोच हिरा परत आला हे कसं कळेल?

इथे डाग तुमच्या बाजूने उभा राहतो. देण्याआधी दुकानातच भिंगातून तुमच्या हिऱ्याची एक ठळक खूण लक्षात ठेवा, "टेबलाच्या कडेला, एका प्रॉन्गच्या डावीकडे पांढरा ठिपका" अशी, आणि पावतीवर लेझर क्रमांक लिहून घ्या. परत घेताना तीच खूण, तोच क्रमांक बघा. क्रमांक प्रॉन्गखाली गेला असेल तर नकाशाशी ताडा. आयएफ हिरा असेल तर ताडायला आत काही नसतं, तिथे वजन, मापं आणि क्रमांकावरच भिस्त.